मदत हवी आहे: मफिनच्या पाकिटावरचे आकडे

लेकीच्या डब्यात मी नेहमी पाकीटबंद मफिन देते. काल मागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली आणि धास्तावले. त्यात मिसळलेल्या घटकांचे सांकेतिक आकडे होते. ५०० म्हणजे सोडा, ३२२ म्हणजे लेसिथिन (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक), एवढं कळलं. २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, बुरशी येऊ नये म्हणून. ४७१ हेही तेल-पाणी एकजीव ठेवणारं, म्हणजे इमल्सिफायर, त्यानं केक मऊ राहतो. शिवाय ग्लुकोज सिरप, पाम तेल, कृत्रिम स्वाद. खाद्यपदार्थांवर किती प्रक्रिया झाली यावरून गट पाडणाऱ्या 'नोव्हा' वर्गीकरणात असे पदार्थ चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या गटात येतात.

जाणकारांनो, पाकीट निवडताना आधी काय बघता, हे आकडे की साखर? मला तरी साखरेचीच जास्त काळजी वाटते. आणि घरचा केक दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो. लोण्याऐवजी तेल किंवा दही घालून तो तीन दिवस मऊ राहिल्याचा कुणाला अनुभव आहे का? प्रमाणासकट सांगाल?