सर्व्हिस हाताने रजिस्टर करायच्या की ऑटोवायरिंगवर सोडायच्या?

जुना_पीएचपीवाला: काल इथे एकाने ठोकून दिलं की सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये सर्व्हिसेस (ॲपची कामं करणारे ऑब्जेक्ट) यामल या सेटिंग फाइलमध्ये हाताने लिहिणारे काळाच्या मागे आहेत. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ऑटोवायरिंग म्हणजे काय, कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून जोडून देणारा भाग) कन्स्ट्रक्टरमधला टाइप बघून ऑब्जेक्ट देतो, बस. आमच्याकडे पेमेंटगेटवे इंटरफेसचा एकच क्लास होता तोवर सगळं सुरळीत, दुसरा आला आणि कोणता द्यायचा ते ठरेना म्हणून कंटेनर कंपाइलच होईना, नव्या पोराला कळेना कुठे काय जातंय कारण लिहिलेलं कुठेच नाही.

रात्रपाळी: अहो मग बरंच झालं ना! डिप्लॉयच्या आधीच अडवलं. एका ओळीचा अलियास टाका, म्हणजे या इंटरफेसला कोणता क्लास ते सांगा, सुटला विषय. 2017 ला सिम्फनी 3.3 आलं त्याआधी कन्स्ट्रक्टरला एक लॉगर वाढवला की यामलमध्येही आर्ग्युमेंट वाढवा, क्रम जुळवा, एक स्पेस चुकली की संध्याकाळ गेली.

आर्टिसन: म्हणूनच लॅराव्हेल, दुसरं पीएचपी फ्रेमवर्क. प्रोव्हायडर क्लासमध्ये बाइंड करा (कोणत्या टाइपला काय द्यायचं ते सांगा), साधं पीएचपी.

जुना_पीएचपीवाला: लॅराव्हेलचं नका सांगू. ॲप हेल्पर (कंटेनरमधून थेट ऑब्जेक्ट काढून देणारं फंक्शन) मॉडेलमधूनसुद्धा बोलावतात लोक, कोण कुणावर अवलंबून आहे ते देवाला ठाऊक.

आर्टिसन: लोक काहीही करतात, त्यात फ्रेमवर्कचा काय दोष?

बॅकएंडवाली: दोष सिंगलटन (एकदा बनवलेला ऑब्जेक्टच सगळीकडे द्यायचा) सर्रास लावण्याचा आहे. एफपीएमवर (पीएचपी चालवायची नेहमीची पद्धत) दर रिक्वेस्टला कंटेनर नवा म्हणून खपून जातं. आम्ही ऑक्टेनवर (ॲप मेमरीत ठेवून चालवणारं लॅराव्हेलचं पॅकेज) गेलो, तिथे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) जिवंतच राहतो, आणि चालू ग्राहकाचा आयडी धरून बसलेली सिंगलटन सर्व्हिस पुढच्या रिक्वेस्टलाही तीच! एकाची इन्व्हॉइसं दुसऱ्याला दिसली. फोन मी घेतले, तुम्ही नाही.

आर्टिसन: त्यासाठी दर रिक्वेस्टला नवा ऑब्जेक्ट देणारं स्कोप्ड बाइंडिंग आहे, डॉक्युमेंटेशन वाचायचं असतं.

बॅकएंडवाली: वाचलंय हो! चार वर्षं जुन्या कोडमधलं प्रत्येक सिंगलटन कोण शोधणार, तुम्ही येताय का?

आर्टिसन: बरं, जुन्या कोडपुरतं मान्य.

जुना_पीएचपीवाला: मूळ मुद्द्यावर या. अलियासचं ठीक आहे, सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) लिंट-कंटेनर ही तपासणीची कमांड चालवली की बरंच पकडलं जातं हेही मानतो. पण एपीआयची गुप्त की, टाइमआउट अशा साध्या किमतींचं काय? स्ट्रिंग टाइप बघून कंटेनर काय कपाळ देणार? मग कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर ऑटोवायर ॲट्रिब्यूट (कोडमधलीच खूण) चिकटवायचा, म्हणजे माझ्या डोमेन कोडमध्ये (धंद्याचे नियम असलेल्या कोडमध्ये) सिम्फनी घुसलं.

रात्रपाळी: तेवढंच यामलमध्ये लिहा की, बाइंडची (आर्ग्युमेंटच्या नावाला किंमत ठरवून देण्याची) सोय त्यासाठीच आहे. पण कंट्रोलर नि रिपॉझिटरींची यादी पुन्हा हाताने लिहायला मी बसणार नाही, टीमलाही बसवणार नाही.