आईच्या कानाखालची गाठ मिसरीमुळे झाली का?

कृष्णाकाठ:
आई ५८ वर्षांची, आम्ही कराडजवळ राहतो. डाव्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ. तीन वर्षं आहे, पण दुखत नाही म्हणून तिने दाखवलीच नाही. परवा सुईची तपासणी झाली, रिपोर्टात 'प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा' लिहिलंय. आई लग्नाआधीपासून मिसरी लावते. आत्या म्हणते, त्यानेच झालं. त्यात नेटवर वाचलं की लाळग्रंथीच्या निम्म्या गाठी कॅन्सरच्या असतात. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

बांधावरून:
ताई, आमच्या थोरल्या काकांना दोन्ही कानांखाली आल्या होत्या. जन्मभर बिडी ओढली त्यांनी. वॉर्थिन ट्यूमर निघाला, साधाच. नऊ वर्षं झाली, अजून मळ्यात जातात.

काचपट्टी:
ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, २६ वर्षं गाठींतल्या पेशींच्या या काचा बघतेय. निम्म्याचा आकडा जबड्याखालच्या ग्रंथीचा आहे. कानाजवळच्या पॅरोटिड या लाळग्रंथीत दहातल्या साधारण आठ गाठी साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात, आणि त्यांत सगळ्यात जास्त आढळते ती तुमच्या आईचीच. टाळूवरच्या बारीक ग्रंथींत मात्र साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात.

आईची गाठ काचेवर बहुतेकदा लगेच ओळखू येते. जिम्सा रंग दिला की पिंजलेल्या कापसासारखे गुलाबी-जांभळे धागे दिसतात आणि पेशी त्यांत रुतलेल्या असतात. काकांच्या वॉर्थिनमध्ये सुईतून बऱ्याचदा इंजिन ऑइलसारखं तपकिरी पाणी येतं. त्याचा संबंध बिडी-सिगारेटशी पक्का आहे. मिसरीने तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर होतो, तेव्हा ती सोडवाच. पण ही गाठ मिसरीच्या माथी मारू नका. आईला आधीच अपराधी वाटत असेल.

मुलूख बदलला की काही गाठींचं प्रमाण बदलतं, हे खरं. ग्रीनलँड-अलास्कातले इन्युइट आणि दक्षिण चीनमधले लोक यांच्यात लिम्फोएपिथेलियल कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कॅन्सर जास्त आढळतो. त्या गाठीत एपस्टीन-बार विषाणू सापडतो. तो आपल्याही बहुतेकांच्या अंगात असतो, तरी ही गाठ आपल्याकडे क्वचितच. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांमध्ये म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथीचाच दुसरा कॅन्सर आणि वॉर्थिन दोन्ही वाढले. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा मात्र जवळपास सगळीकडे पहिल्या नंबरावर.

कृष्णाकाठ:
डॉक्टर, वाचून रडूच आलं. आई म्हणते, साधी आहे तर राहू दे.

काचपट्टी:
राहू देऊ नका. वर्षानुवर्षं ठेवलेल्या काही गाठींतच पुढे कॅन्सर उठतो. आणि नुसती गाठ सोलून काढणाऱ्याकडे जाऊ नका. हिचं कवच पातळ असतं, बाहेर बारीक कोंब गेलेले असतात. तशी काढलेली एक बाई बारा वर्षांनी माझ्याकडे आली, जुन्या व्रणाखाली साबुदाण्यासारख्या सात-आठ गाठी घेऊन. सर्जनना दोनच गोष्टी विचारा: भोवतालची ग्रंथी धरून काढणार ना? आणि चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते, ती कशी जपणार?