दख्खनचा लांडगा म्हणजे थोराड कोल्हा नव्हे

माळकरी (कोल्हापूर):
परवा या चर्चामंचावर एका सदस्याने जगभरातील लांडग्यांची छायाचित्रे दिली आणि खाली लिहिले की, खरा लांडगा पाहायचा असेल तर अमेरिकेतले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान गाठावे. आपल्या माळावरचा लांडगा म्हणजे अंगापिंडाने जरा थोराड कोल्हाच. हे वाक्य मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला लांडगा शास्त्राच्या दप्तरात नोंदला गेला तोच मुळी दख्खनमधून. विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1831 साली त्याला ‘पॅलिपीस’, म्हणजे फिकट पायांचा, असे नाव दिले. उत्तर ध्रुवाकडचा पांढरा, मेक्सिकोचा, युरोपातला आणि आपला हे सगळे करड्या लांडग्याच्या एकाच जातीत गणले जातात. कॅनडातला नर पन्नास किलोच्या घरात जातो आणि आपला वीस-पंचवीस किलोंवर थांबतो, कारण थंडीत मोठे शरीर ऊब धरून ठेवते आणि वैशाखाच्या उन्हात तेच शरीर जिवावर उठते. वजनावरून अस्सलपणा ठरत नसतो. शिवाय 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने भारतीय लांडग्याची शाखा हयात लांडग्यांमधल्या अतिशय प्राचीन शाखांपैकी एक असल्याचे दाखवले आहे. मग थोराड कोल्हा कोणाला म्हणायचे?

जुना अभ्यासक:
ती छायाचित्रे मीच दिली होती, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. शाखा लवकर फुटली म्हणजे प्राणी अधिक अस्सल झाला, हा निष्कर्ष चुकीचा आहे. आज जिवंत असलेली प्रत्येक शाखा तितकाच काळ बदलत आलेली आहे. दुसरे असे की, लांडगा आणि कोल्हा यांच्यात गल्लत करणारा मी पहिला नाही. उत्तर आफ्रिकेतल्या ज्या प्राण्याला वर्षानुवर्षे सोनेरी कोल्हा समजले जात होते, तो लांडग्याच्या अधिक जवळचा असल्याचे 2015 मध्ये जनुकांवरून स्पष्ट झाले. इथिओपियाच्या डोंगरांतला लांडगा दिसायला थेट खोकडासारखा, उंदीरवर्गीय प्राण्यांवर जगणारा, आणि आता पाचशेहूनही कमी उरलेला. तरी तो लांडगाच आहे. उलट दक्षिण अमेरिकेतला लांब पायांचा, आयाळ असलेला, आवडीने फळे खाणारा ‘लांडगा’ मुळात लांडगाच नाही. त्यामुळे माझ्या एका शब्दावरून एवढे रागावण्याचे कारण नव्हते.

राधानगरीकर:
आपण सगळे माळावरच अडकला आहात. मी दाजीपूरच्या जंगलात सात-आठ तांबूस लांडग्यांचा कळप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांनी सांबराच्या पिल्लाला डोहात कोंडले होते आणि ते एकमेकांना शीळ घातल्यासारखे आवाज देत होते.

माळकरी:
दादा, ते कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे. शीळ घालणे ही त्यांचीच खूण. त्यांच्या खालच्या जबड्यात लांडग्यापेक्षा दाढाही कमी असतात. आपला लांडगा उघड्या माळावरचा. दाजीपूरचा पाऊस आणि दाट झाडी हा त्याचा मुलूख नव्हे.

वाडेकरीण (हातकणंगले):
तुमचे नामकरण ऐकून झाले असेल तर आता आमचे ऐका. आमची बकरी, म्हणजे मेंढरे, पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या जतकडे जातात. मी अकरा वर्षांची असताना एका पहाटे वाघरीबाहेर, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीबाहेर, एक कोकरू मरून पडले होते. गळ्याला चार बारीक भोके होती, लोकर दवाने भिजली होती आणि अंग अजून कोमट होते. लांडगा शंभर पावलांवर उभा राहून मागे वळून पाहत होता. आजोबांनी दगड उचलला नाही. “त्याचा वाटा त्याने नेला,” एवढेच म्हणाले. पण त्या वर्षी असे चार वाटे गेले आणि आईचे डोरले गहाण पडले. लांडगा अस्सल की नक्कल, याने आम्हाला काय फरक पडतो?

माळकरी:
ताई, दुःख समजते. परंतु वन खात्याकडून नुकसानभरपाईची सोय आहे. वेळेत अर्ज केला असता तर आईंचे डोरले गहाण पडले नसते.

वाडेकरीण:
अर्ज केला होता. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नका, असे त्या कार्यालयातून सांगण्यात आले. दोन दिवस कोणी आले नाही, आणि तोवर कोकराचे काय उरले असेल ते तुम्हीच समजा. ज्याचे शेत खतासाठी बसवून दिले होते, त्या मालकाने पुढे निघायला सांगितले. दोनशे बकरी घेऊन एका मेलेल्या कोकरापाशी किती दिवस थांबायचे? घरात बसून ‘अर्ज केला असता तर’ असे लिहिणे फार सोपे आहे.

माळकरी:
ते वाक्य लिहायला नको होते. मागे घेतो.

जुना अभ्यासक:
येथे मला ताईंच्या बाजूने बोलायचे आहे, जरी मूळ मुद्द्यावर मी माळकरींशी सहमत नसलो तरी. अमेरिकेतला तांबडा लांडगा 1980 मध्ये निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि 1987 पासून तो उत्तर कॅरोलिनात पुन्हा सोडण्यात आला. एवढ्या श्रीमंत देशात, एवढा खर्च करूनही, बंदुकीच्या गोळ्या, रस्त्यावरची वाहने आणि कायोटींशी (तिकडच्या लांडग्यासारख्या लहान प्राण्यांशी) होणारा संकर यांमुळे तो मोकळ्या रानात आजही मोजकाच आहे. आपल्याकडे सुमारे तीन हजार लांडगे उरले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य अभयारण्याबाहेर, माणसांच्या शेतशिवारात राहतात. ज्यांची कोकरे जातात त्यांनी विष घालायचे ठरवले असते, तर आज छायाचित्र काढायलाही लांडगा उरला नसता. हिशेबाच्या वहीत मेंढपाळांनी सोसलेला हा खर्च कोणी मांडलेला नाही.

राधानगरीकर:
कोळसुंद्यांचे मान्य. मात्र गावात आम्ही त्यांनाही लांडगेच म्हणणार.

जुना अभ्यासक:
‘थोराड कोल्हा’ हे शब्द छायाचित्राखालून काढले आहेत. यलोस्टोनचे वाक्य मात्र ठेवणार. 1995 मध्ये कॅनडातून आणून सोडलेल्या लांडग्यांचे वंशज तेथे दिवसाढवळ्या दुर्बिणीतून पाहता येतात, हे खरेच आहे.

वाडेकरीण:
आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पुढच्या आठवड्यापासून जतच्या अलीकडे माळाला लागून बसेल. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पहाटे यावे, गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी आणि कुत्र्यांना आधी हाक द्यावी. लांडगा दिसेलच असे नाही; ओल्या मातीत पाऊल नक्की दिसेल.