अनुभव धागा: लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) घड्याळानं तुम्हाला कधी चकवलंय?

परवा एका ट्रेसमध्ये (कर्नलनं काय केव्हा केलं याच्या नोंदीत) उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आलेला पाहिला. डिस्कनं डेटा दिलाय आणि कर्नल तो नंतर मागतोय! अर्धा दिवस मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. ड्रायव्हर निर्दोष होता. त्या दोन ओळी प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर लिहिल्या गेल्या होत्या आणि ट्रेस लिहिणारा एफट्रेस मुळात ‘लोकल’ घड्याळ वापरतो. ते झटपट चालतं, पण एका कोअरचं दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. ‘ग्लोबल’ केलं आणि ओळी मुकाट्यानं रांगेत आल्या.

म्हणून हा धागा. नवख्यांसाठी एवढंच: लिनक्स कर्नलमध्ये ‘किती वाजले?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. रिअलटाइम हे भिंतीवरचं घड्याळ, १ जानेवारी १९७० पासून मोजलेलं. ते मागंपुढं करता येतं. मोनोटॉनिक फक्त पुढं जातं, पण मशीन झोपलं की तेही झोपतं. बूटटाइम झोपेचे तासही धरतं. जिफीज (कर्नलच्या ठोक्यांची मोजणी), टीएससी (प्रोसेसरमधला मोजक) ही मंडळी वेगळीच. तुमची फजिती लिहा. कंपनीचं नाव नको, बगचं चालेल.

एम्बेडेडवाला

आमच्या बोर्डावर घड्याळाची बॅटरीच नव्हती, चार पैसे वाचवायला काढलेली. त्यामुळे प्रत्येक वेळी बोर्ड उठायचा तो १९७० सालात. नेटवर्क जोडलं गेलं की एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी व्यवस्था) त्याला एका झटक्यात वर्तमानात आणून सोडायचं. आमच्या ड्रायव्हरमध्ये सेन्सर जिवंत आहे का हे बघणारा कोड होता: शेवटचं उत्तर कधी आलं, आत्ता किती वाजले, वजाबाकी करा, पाच सेकंदांपेक्षा जास्त असेल तर सेन्सर मेला असं धरा. आणि ‘आत्ता’ घेतलं होतं भिंतीवरच्या घड्याळातून, जुन्या डू-गेटटाइमऑफडे या फंक्शननं. एनटीपीनं उडी मारली की ड्रायव्हरच्या हिशेबानं सगळे सेन्सर चाळीसेक वर्षं गप्प! तो एकाच वेळी सगळ्यांना रीसेट करायचा.

गंमत म्हणजे टेबलावर हे कधी घडलंच नाही. तिथे नेटवर्क आधीपासून लावलेलं असायचं, त्यामुळे सेन्सर सुरू होण्याआधीच वेळ लागलेली असायची. ग्राहकाकडे नेटवर्क उशिरा यायचं. तीन आठवडे आम्ही वीजपुरवठ्यावर संशय घेतला, केबली बदलल्या, एकानं तर कपॅसिटर वाढवून पाहिला. शेवटी लॉगमधल्या तारखांकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. केटाइम-गेट वापरलं, म्हणजे मोनोटॉनिक. बदल दोन ओळींचा. ते जुनं फंक्शन आता कर्नलमधून काढूनच टाकलंय, बरंच झालं.

रात्रपाळी

डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) मोठ्या टीचा पर्याय (-T) लावून चालवला की सेकंदांऐवजी छान तारीख-वेळ दिसते. त्या छान तारखेवर विसंबून मी एका सहकाऱ्याशी कडाक्याचं भांडलो आहे. लॅपटॉपच्या डिस्कची एरर ‘पहाटे साडेचार’ची दिसत होती. तो म्हणत होता, झाकण संध्याकाळी साडेसहाला लावलं ते सकाळी उघडलं. मी म्हटलं, मग भूत बसलं होतं का कीबोर्डवर?

झालं होतं असं. कर्नल लॉगच्या ओळीला जो आकडा लावतो तो मशीन झोपल्यावर वाढत नाही. डीमेसेज नंतर बूटटाइम आणि मोनोटॉनिकमधला आत्ताचा फरक घेऊन त्याची तारीख बनवतो. तो फरक शेवटच्या जागं होण्यानंतरच्या ओळींना बरोबर बसतो. त्याआधीच्या ओळींना मात्र पुढं आलेली झोपही जोडली जाते. एरर दुपारी अडीचची, झोप चौदा तासांची, झाले साडेचार. मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) हे स्पष्ट लिहिलंय. मी ते भांडणानंतर वाचलं. माफी मागितली.

जुनी ड्रायव्हरवाली

माझा बग बूटनंतर बरोबर पाच मिनिटांनी यायचा. आधी वाटलं काहीतरी तापतंय. थंड खोलीत नेला बोर्ड, तरी पाचच मिनिटं. एवढं वक्तशीर तापमान नसतं हे तेव्हाच कळायला हवं होतं.

जिफीज म्हणजे टिकांची (कर्नलच्या टायमरच्या ठोक्यांची) मोजणी. सेकंदाला सहसा १००, २५०, ३०० किंवा १०००, कर्नल बांधताना ठरवाल तशी. ३२ बिटांत ती कधीतरी भरते आणि पुन्हा शून्यावर येते: १००० टिकांना ४९ दिवस १७ तासांनी, १०० टिकांना सुमारे ४९७ दिवसांनी. इतके दिवस चाचणी कोण चालवणार? म्हणून कर्नलवाल्यांनी मोजणीची सुरुवात शून्यापासून न करता भरायला पाच मिनिटं कमी असताना ठेवली आहे. ज्याचा कोड कच्चा आहे त्याची पाच मिनिटांतच परीक्षा. (हा खोडसाळपणा मला अजूनही फार आवडतो.)

माझा कच्चा कोड असा: मुदत म्हणजे जिफीज अधिक दहा सेकंद, आणि जिफीज मुदतीपेक्षा मोठं झालं की मुदत संपली. शेवटच्या दहा सेकंदांत ही बेरीज उलटून एकदम लहान व्हायची, आणि प्रत्येक मुदत जन्मतःच संपलेली निघायची. तयार टाइम-आफ्टर मॅक्रो वजाबाकी करून फक्त चिन्ह बघतो, त्यामुळे उलटलेली मोजणीही त्याला चालते. तो वापरायचा सोडून मी साधं ‘पेक्षा मोठं’ लिहिलं होतं.

एम्बेडेडवाला

@जुनी ड्रायव्हरवाली, आमच्याकडे याच पाच मिनिटांना ‘गरम होण्याचा काळ’ समजून मॅन्युअलमध्ये लिहून टाकलं होतं. आता पुन्हा तपासावं लागणार!

बॅकअपवाली

लहानसा अनुभव. पेन ड्राइव्हवर सिंक केलं की दर वेळी निम्म्याच्या आसपास फाइली ‘बदललेल्या’ दिसायच्या. फॅट फाइलसिस्टिम बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी ठेवते, त्यामुळे विषम सेकंदाला लिहिलेल्या फाइली कधीच जुळत नव्हत्या.

दुसरा प्रकार जास्त छळणारा. एक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम वेळ नॅनोसेकंदांत ठेवते म्हणून मी निर्धास्त होते. पण रकाना नॅनोसेकंदांचा असला तरी कर्नल त्यात शेवटच्या टिकेची वेळ भरत असे. सेकंदाला २५० टिका असतील तर ४ मिलिसेकंदांत झालेले दोन बदल एकाच वेळेचे. माझी स्क्रिप्ट पहिल्या बदलानंतर वेळ टिपायची, लगेच दुसरा बदल व्हायचा, आणि स्क्रिप्ट म्हणायची ‘काही नवं नाही’. ६.१३ पासून काही फाइलसिस्टिम्सवर, एक्सटी४ धरून, यावर तोड आहे: मधल्या काळात कुणी वेळ विचारून गेलं असेल तरच पुढच्या बदलाला बारीक वेळ लावायची. कुणी बघत नसेल तर उगाच कष्ट नाहीत.

डेटाबेसचा हमाल

दोन जुळे सर्व्हर, तोच डेटाबेस, पण एक रडतरखडत चालायचा. फरक सापडला बूट लॉगच्या एका ओळीत: कर्नलनं टीएससी अस्थिर ठरवून एचपीईटी हे दुसरं घड्याळ धरलं होतं. टीएससी प्रोसेसरच्या आतच असल्यामुळे व्हीडीएसओमधून (कर्नलनं प्रोग्रामच्या हाती दिलेल्या छोट्या कोडमधून), कर्नलमध्ये न शिरता वाचता येतं. एचपीईटी बाहेरच्या चिपवर. प्रत्येक वाचनाला सिस्टिम कॉल (कर्नलमध्ये एक फेरी) आणि वर हार्डवेअरची वाट. आमचा डेटाबेस प्रत्येक क्वेरीमागे बरेचदा वेळ विचारायचा, तोही स्वतःची गती मोजण्यासाठी! मोजणी बंद केली तर गती सुधारली. बायॉस अद्ययावत केल्यावर टीएससी परत आलं.

लीप सेकंदचा साक्षीदार

३० जून २०१२. यूटीसीच्या दिवसाअखेर एक सेकंद जादा घातला आणि आमच्या जावा प्रोसेसेसनी सीपीयू शंभर टक्के खायला सुरुवात केली. कर्नलनं घड्याळ एक सेकंद मागं घेतलं, पण हाय रिझोल्यूशन टायमरना ते कळवलंच नाही. ते एक सेकंद पुढंच राहिले. सेकंदाहून लहान मुदतीचे काही टायमर लावताक्षणीच संपत होते, थ्रेड झोपायला जायचा आणि लगेच उठायचा, पुन्हा झोपायचा. उपाय ऐकला तेव्हा थट्टा वाटली: डेट कमांडला तिचंच उत्तर देऊन घड्याळ पुन्हा लावा. वेळ तीच, पण लावताना टायमरना निरोप जातो. शंभरेक मशीनवर हाच मंत्र म्हणत रात्र काढली.

वाचनमात्र

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. २०३८ ची (३२ बिटांतली १९७० पासूनची सेकंदमोजणी त्या साली भरते, त्याची) तयारी म्हणून ३२ बिटांचा एक जुना बोर्ड चाचणीला घेतला. ३२ बिटांच्या कर्नलला त्या सालापलीकडे नेण्याचं काम ५.६ आवृत्तीपाशी मार्गी लागलं. हा बोर्ड त्याच्या बराच आधीचा. तारीख १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०० लावली आणि सात सेकंद बघत बसलो. आठव्या सेकंदाला बोर्ड १३ डिसेंबर १९०१ ला पोचला.

मला वाटलं होतं तो कोसळेल. तो मजेत चालत होता. फक्त त्याच्या लेखी सगळी सर्टिफिकेटं अजून जन्माला यायची होती, त्यामुळे वेबवरून आत जायला देईना. सिरियल केबल शोधण्यात संध्याकाळ गेली.