आयफोन १५ की गॅलॅक्सी एस२४? रोजच्या वापरासाठी निर्णय होत नाही, मदत हवी आहे

कासवगती
नमस्कार. बराच शोध घेऊन मी दोन फोनांपर्यंत येऊन थांबलो आहे: आयफोन १५ आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४. तुलना करणारे जेवढे लेख आणि व्हिडिओ हाती लागले तेवढे पाहून झाले. प्रत्येकाच्या शेवटी 'आपापल्या गरजेनुसार निवडा' असे सांगून सांगणारा मोकळा होतो आणि मी होतो तिथेच राहतो. माझी गरज अगदी साधी आहे. खेळ खेळत नाही, व्हिडिओ बनवत नाही, सगळ्यांचा असतो तसाच रोजचा वापर आहे. सध्याच्या फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये वायर सैल बसते आणि ती एका विशिष्ट कोनात धरून खाली जाड पुस्तक टेकवले तरच चार्जिंग सुरू होते, त्यामुळे फार दिवस थांबणे शक्य नाही. कृपया तिसरा फोन सुचवू नये. या दोहोंपैकी कोणता, एवढेच सांगावे.

ठामपणे
आयफोन १५, डोळे मिटून. फोन अनेक वर्षे वापरायचा असेल तर सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ मिळतात हाच खरा निकष आहे. २०१८ साली आलेल्या आयफोन एक्सएसला २०२४ची आयओएस १८ ही आयफोनची प्रणाली सुद्धा मिळाली, यावरून काय ते समजून घ्यावे. बाकीचे आकडे कागदावर कितीही छान दिसोत, रोजच्या वापरात त्यांचा उपयोग नसतो.

दुर्बीण
ठामपणे, हा मुद्दा काही वर्षांपूर्वी मीही मान्य केला असता. परंतु एस२४ जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला तेव्हाच सॅमसंगने त्याला सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सात वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे या बाबतीत आता दोघांत निवड करण्याजोगे अंतर उरलेले नाही. फरक आहे तो पडद्यात आणि कॅमेऱ्यात. एस२४चा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, आयफोन १५चा ६० वेळा. लांबलचक मजकूर वर सरकवताना हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. शिवाय एस२४ला दूरचे दृश्य तीन पट जवळ आणणारी स्वतंत्र टेलिफोटो लेन्स आहे. सभागृहात मागच्या रांगेत बसून फळ्यावरचे किंवा पडद्यावरचे टिपून घ्यायचे असेल, तर तिचे मोल कळते.

ठामपणे
सात वर्षांचे आश्वासन आणि सात वर्षांचा अनुभव यांत अंतर असते. एस२४चे आश्वासन पुरे झाले की नाही हे कळायला २०३१ उजाडेल. आयफोनचे जे झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

निरुपद्रवी
वाद चालू राहू द्या, पण धागाकर्त्यांना मला काही विचारायचे आहे. 'सगळ्यांचा असतो तसाच वापर' असा वापर मी तरी अजून कोणाचा पाहिलेला नाही. सध्याचा फोन अँड्रॉइड आहे की आयफोन? सिम कार्डे किती? दिवसभरात फोनवर बोलणे अधिक होते, वाचणे अधिक होते की लिहिणे? जुने संदेश आणि फोटो नव्या फोनवर हवेत का? यांची उत्तरे आली तर सल्ल्याला काही अर्थ राहील.

जुनेजाणते
मी दोन्ही फोनांबद्दल बोलणार नाही, पोर्टबद्दल बोलतो. वायर सैल बसण्याचे कारण बहुतेक वेळा पोर्ट झिजणे हे नसून आत दडपून बसलेला खिशातला कापसासारखा कचरा हे असते. दर वेळी वायर घालताना तो आणखी आत रेटला जातो आणि वायरचे टोक पूर्ण आत जाऊ शकत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने, पोर्टच्या मधल्या पातळ पट्टीला धक्का न लावता, कडेकडेने तो हलकेच उकरून काढावा. सुई किंवा पिन मुळीच वापरू नये. एवढ्यानेच भागले तर नव्या फोनची गरजच काय? आताच्या बऱ्याच फोनांत ना मेमरी कार्ड बसते, ना हेडफोनची वायर. या दोन्ही फोनांत दोन्ही गोष्टी नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

कासवगती
पोर्ट कसे स्वच्छ करावे हे मी विचारलेले नव्हते. तरीही जुनेजाणते यांच्या समाधानासाठी करून पाहिले. कडेने राखाडी रंगाची चपटी गादीच निघाली आणि वायर आता थोडी बरी बसते, मात्र फोन हलवला की चार्जिंग अजूनही तुटते. फोन बदलायचाच आहे, कारण बॅटरीही संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

निरुपद्रवी, सध्याचा फोन अर्थातच अँड्रॉइड आहे. लिहिणे पुष्कळ होते, तेही मराठीतून आणि लांबलांब. पीडीएफ वाचतो, कागदपत्रे स्कॅन करतो. व्हॉट्सॲपवरचे जुने संभाषण मला हवेच आहे, त्यात कामाचे सारे आहे. आता तरी नाव सांगावे.

टंकनिका
मराठीतून लांब लेखन होत असेल, तर माझ्या मते कळफलक आधी पाहावा, बाकी सारे नंतर. आयफोनमध्ये मराठीचा कळफलक मुळातच असतो आणि गूगलचा जीबोर्ड दोन्हीकडे घालता येतो. तो आयफोनवर घातला तरी पासवर्डच्या रकान्यात गेल्यावर फोन स्वतःचाच कळफलक पुढे करतो. हे नित्याचे असल्याने त्रासदायक ठरत नाही, पण पहिल्या वेळी माणूस गोंधळतो. दुकानात मांडलेल्या दोन्ही फोनांवर 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ज्ञानेश्वर' आणि 'वाङ्मय' हे चार शब्द लिहून पाहावेत, मग प्रत्येकातल्या जोडाक्षरापर्यंत खोडत यावे आणि एका वेळी पूर्ण जोडाक्षर जाते की त्याचा एकेक अवयव, हे पाहावे. ज्याला एका प्रकाराची सवय आहे त्याला दुसरा प्रकार चिडचिडा करून सोडतो. लिहिताना मधल्याच एखाद्या अक्षरावर जायचे असेल, तर स्पेसची कळ दाबून धरून बोट सरकवावे लागते. ही सोय आयफोनच्या कळफलकात आहे आणि अँड्रॉइडच्या जीबोर्डमध्ये त्याच कळीवरून बोट सरकवले की तेच होते.

दुर्बीण
टंकनिका यांच्या मुद्द्याला जोडून एक. लिहिताना आपण ॲपमध्ये सारखे एका पानावरून दुसऱ्यावर जातो आणि मागे येतो. आयफोनवर मागे येण्यासाठी सहसा पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आत ओढावे लागते. उजव्या हाताने फोन धरणाऱ्याचा अंगठा तिथवर सहज पोहोचत नाही. सॅमसंगमध्ये दोन्ही कडांवरून मागे येता येते, आणि ज्यांना बोट ओढणे आवडत नाही त्यांना खाली तीन बटणे कायम ठेवता येतात. आयफोन १५चा पडदा ६.१ इंचांचा आणि एस२४चा ६.२ इंचांचा आहे. वजनात चार ग्रॅमचाच फरक आहे, त्यामुळे हातात धरण्यावरून निर्णय होणार नाही. अंगठ्यावरून मात्र होऊ शकतो.

ठामपणे
दोन दिवसांत अंगठ्याला सवय होते. व्हिडिओचा दर्जा सवयीने सुधारत नाही, तो आयफोनचाच उत्तम आहे.

निरुपद्रवी
धागाकर्ते व्हिडिओ बनवत नाहीत, असे त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे.

संभाषणाविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण यात अनेक जण फसतात. अँड्रॉइडवरचे व्हॉट्सॲप आपली प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवते. ती प्रत आयफोनवर उतरवता येत नाही, कारण तिथे ॲपलचे आयक्लाउड वापरले जाते. अँड्रॉइडवरून आयफोनवर संभाषण न्यायचे असेल, तर ॲपलचे 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप जुन्या फोनवर घ्यावे लागते, आयफोन अगदी नवा किंवा पूर्ण पुसलेला असावा लागतो, दोन्ही फोन एकाच वाय-फायवर किंवा जुना फोन आयफोनच्या हॉटस्पॉटवर असावा लागतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते काम चालू असताना दोन्ही फोन चार्जिंगला जोडलेले असावे लागतात. तुमच्या फोनचे चार्जिंग हलवले की तुटते, हे आपण सर्वांनी वाचलेच आहे. काम अशक्य नाही, पण पुस्तक भक्कम टेकवून ठेवावे लागेल.

जुनेजाणते
म्हणूनच म्हणत होतो, पोर्ट बदलून घ्यावे. त्यासोबत बॅटरीही बदलता येईल.

कासवगती
फोन बदलायचा ठरलेला आहे, तो प्रश्न मिटलेला आहे. निरुपद्रवी, ही माहिती एकाही लेखात नव्हती, आभारी आहे. बॅटरीचे काय? आयफोन १५ची ३३४९ एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचे माप) आहे आणि एस२४ची ४००० एमएएच आहे, म्हणजे सरळच एस२४ जास्त चालेल ना?

दुर्बीण
होय, जास्त चालेल.

ठामपणे
हे बरोबर नाही. पडदा, चिप आणि सॉफ्टवेअर वेगळे असताना एमएएचची थेट तुलना करता येत नाही. आयफोन नेहमीच लहान बॅटरीवर चांगला चालत आला आहे.

निरुपद्रवी
या वेळी ठामपणे यांचे म्हणणे मला पटते. शिवाय एस२४ काही देशांत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ या चिपवर आणि काही देशांत एक्सिनॉस २४०० या चिपवर विकला जातो, त्यामुळे कोणाचा अनुभव कोणत्या चिपवरचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. चार्जिंगच्या बाबतीत म्हणाल तर दोन्हींची पोर्ट आता एकाच प्रकारची, टाइप-सी आहेत. खोक्यात वायर मिळते, चार्जर कोणाच्याच खोक्यात मिळत नाही. पुरेशा ताकदीचा चार्जर असेल तर सुमारे अर्ध्या तासात निम्मी बॅटरी भरते, असे दोन्ही कंपन्या सांगतात. संध्याकाळपर्यंत फोन टिकावा एवढीच अपेक्षा असेल, तर दोन्ही नवे फोन ती पुरी करतील.

आणि माझा एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे. सिम कार्डे किती?

कासवगती
दोन. एक घरचे, एक कामाचे. त्यात विशेष काय आहे? दोन सिम तर आता सर्वच फोनांत चालतात.

निरुपद्रवी
विशेष पुष्कळ आहे. आयफोन १५ बहुतेक देशांत एकाच प्रत्यक्ष सिम कार्डाच्या जागेसह विकला जातो. दुसरा क्रमांक ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमवर, घ्यावा लागतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १५ला तर सिम कार्डाचा खणच नाही, आणि दोन प्रत्यक्ष कार्डांची जागा असलेली आवृत्ती चीनसारख्या मोजक्याच ठिकाणी मिळते. एस२४च्या बहुतेक ठिकाणच्या मॉडेलांत दोन प्रत्यक्ष कार्डे बसतात आणि वर ई-सिमही चालते, पण तिथेही मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी खण उघडून पाहावा. तुमच्या दोन्ही सेवा पुरवठादारांपैकी एक तरी ई-सिम देतो का, याची चौकशी आधी करावी.

टंकनिका
अवांतर होईल, पण पडद्यावर संरक्षक काच लावणार असाल तर ती लावल्यावर पुन्हा लिहून पाहा. स्वस्त काचेवर कडेची अक्षरे उमटत नाहीत असा माझा अनुभव आहे. एस२४मध्ये बोटाचा ठसा पडद्याखालूनच वाचला जातो, त्यामुळे काच जाड असेल तर फोन उघडतानाही अडते. आयफोन १५ चेहऱ्यावरून उघडतो, त्याला ही अडचण नाही.

कासवगती
चौकशी केली. कामाचा क्रमांक ज्यांचा आहे ते ई-सिम देतच नाहीत, आणि तो क्रमांक कार्यालयाच्या नावावर असल्याने दुसरीकडे हलवणे माझ्या हातात नाही. घरच्या क्रमांकाचे ई-सिम मिळते, पण उद्या फोन बिघडला तर ते दुसऱ्या फोनवर घेण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पडताळणी असा व्याप आहे असे तिथे सांगण्यात आले. कार्ड काढून दुसऱ्या फोनात टाकता येणे मला महत्त्वाचे वाटते. दुकानात जाऊन एस२४चा खण उघडून पाहिला, दोन्ही कार्डांना जागा आहे. टंकनिका यांचे चारही शब्द लिहून पाहिले. 'वाङ्मय' दोन्हीकडे शोधावा लागला. एस२४ घेत आहे.

ठामपणे
घरच्या क्रमांकाचे ई-सिम आणि कामाचे प्रत्यक्ष कार्ड, असे आयफोनमध्ये सहज जमले असते. एवढ्याशा कारणावरून वर्षानुवर्षांचा फोन ठरवणे मला पटत नाही.

कासवगती
तुम्हाला पटावे असा आग्रह नाही. आता साठवणीचे तेवढे सांगावे, १२८ जीबी पुरेल का? आणि संभाषण हलवण्यापूर्वी काय करावे?

दुर्बीण
२५६ जीबी घ्यावा. मेमरी कार्डाची सोय नाही, आणि एस२४च्या १२८ जीबीच्या मॉडेलमधली साठवण जुन्या, म्हणजे यूएफएस ३.१ प्रकारची आहे. २५६पासून पुढे ४.० मिळते. रोजच्या वापरात वेगाचा फरक कदाचित कळणार नाही, जागेचा मात्र स्कॅन केलेल्या कागदपत्रांमुळे नक्की कळेल.

निरुपद्रवी
दोन्ही फोन अँड्रॉइड असल्यामुळे ड्राइव्हवरची प्रत घेऊन नव्या फोनवर उतरवली की झाले. ही प्रत आता गूगलच्या १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजली जाते, तेव्हा तिथे पुरेशी जागा आहे की नाही ते आधी पाहावे. नसेल तर दोन्ही फोन जवळ ठेवून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधून क्यूआर कोडने थेट हलवण्याचीही सोय आहे. प्रत घेण्यापूर्वी जुना फोन पूर्ण चार्ज करून घ्यावा. नव्या फोनवर सर्वांत जुना संदेश उघडून त्यातला फोटोही दिसतो आहे याची खात्री होईपर्यंत जुन्या फोनवरचे काहीही पुसू नये.