अनुभव धागा: 'बालगंधर्व'ची गाणी तुमच्या घरात कशी शिरली?

मुक्काम_ठाणे
काल घोडबंदरला नेहमीसारखी गाडी अडकली. कॅबवाला पंचविशीचा, लखनौकडचा. त्याने 'परवरदिगार' लावलं. मी उडालोच. म्हणाला, "शंकर महादेवन का है, सर." सिनेमा कुणावर आहे ते त्याला माहीत नव्हतं. मग सिग्नल सुटेपर्यंत सांगत बसलो, की बालगंधर्व म्हणजे नारायण राजहंस नावाचा पुरुष नऊवारी नेसून स्टेजवर यायचा आणि घरंदाज बायका त्याचं बघून नेसायला शिकायच्या. तो म्हणाला, "अच्छा, ड्रामा कंपनी." विषय संपला.

पण मला बाबा आठवले. २०११ च्या मे महिन्यात सिनेमा लागला तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की सुबोध भावे दिसेल छान, पण गाणार कोण? मी सीडी आणली. आठवडाभर हात लावला नाही. मग एका दुपारी 'चिन्मया सकल हृदया' ऐकून म्हणाले, "बरा गातो मुलगा." याहून जास्त कौतुक त्यांनी माझ्या लग्नातही केलं नाही.

तुमचेही किस्से लिहा. सिनेमा बरा की वाईट हे नको, त्यावर भांडून झालंय. गाण्यांबद्दल लिहा.

पायपेटी
आनंद भाटे!!! बस्स. अगदी लहान होते तेव्हापासून 'आनंद गंधर्व' म्हणायचे लोक त्यांना. नंतर भीमसेनजींकडे शिकले. पंडितजी जानेवारी २०११ मध्ये गेले, सिनेमा मे महिन्यात आला आणि त्या वर्षीचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार भाट्यांना. चार महिन्यांनी हुकलं हो. कुकर झाला, येते परत.

खमंग
मेकअपला पण मिळालं ना राष्ट्रीय? विक्रम गायकवाड. आणि कपड्यांना नीता लुल्ला. त्या शालू-शेल्यांवर एक वेगळा धागा काढा कुणीतरी.

मुक्काम_ठाणे
@खमंग तूच काढ. इथे गाणी.

सरगम_क्लासवाली
आमच्याकडची एक मुलगी नाट्यगीत स्पर्धेत 'चिन्मया' गायली. सुरेख गायली. परीक्षकांनी विचारलं, कुठल्या नाटकातलं? ही ठसक्यात म्हणाली, "स्वयंवर!" परीक्षकांनी मान डोलावली आणि लिहूनही घेतलं 🙈 अहो, ते सिनेमासाठी नवीन केलेलं! शब्द स्वानंद किरकिरेचे, चाल कौशल इनामदारची. शंभर वर्षं जुन्या पदांच्या पंगतीत नवं पद बसवलं आणि कुणाला पाहुणा ओळखता आला नाही. माझ्या मते अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात अवघड काम हेच होतं. जुनी पदं गाताना निदान ध्वनिमुद्रिका समोर असते.

इंदूरी_शेव
स्वानंद आमच्या इंदूरचा आहे भिया, नोंद घ्या. पुणेकरांनी मराठीचा मक्ता घेतलेला नाहीये.

कोथरूडची_सून
@इंदूरी_शेव कोण म्हणतंय घेतलाय? (घेतलाय.)

जुनाट_रेडिओ
सरगमताई, याला परंपरा आहे. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. त्यातलं 'आधी बीज एकले' लोक तुकोबांचा अभंग समजून गाथेत शोधत बसतात. लिहिलंय शांताराम आठवल्यांनी, संगीत केशवराव भोळे. विष्णुपंत पागनीसांनी असं गायलं की शंका घ्यायला जागाच नाही.
आणि विषय निघालाच आहे तर: खुद्द बालगंधर्व त्याच्या आदल्या वर्षी प्रभातमध्येच होते. व्ही. शांतारामांचा 'धर्मात्मा', एकनाथांची भूमिका. आधी नाव 'महात्मा' होतं, सेन्सॉरने बदलायला लावलं. जन्मभर स्त्रीभूमिका गाजवलेला माणूस पडद्यावर पुरुषाच्या वेशात आला आणि लोकांना काही ते रुचलं नाही. कॅमेरा जवळ आला की रंगमंचाची जादू उरत नाही असं माझं मत.

कोथरूडची_सून
सासूबाईंचं आणि माझं या अल्बमवरून कायम वाजतं. त्या म्हणतात मूळ ऐक. मी ऐकलंय हो मूळ! पण जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात पद कोंबायचं म्हणजे सगळी घाई. थिएटरात हेच बालगंधर्व वन्समोअरवर वन्समोअर घेत रात्र काढायचे, तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष, ते गाणं तबकडीत मावणार कुठे? भाटे मला आवडतात कारण ते नक्कल करत नाहीत. शब्द सोडण्यातला लडिवाळपणा घेतात, गळा स्वतःचा ठेवतात. सासूबाई मागे उभ्या आहेत, लिहायला सांगतायत की "तिला तालातलं काही कळत नाही". लिहिलं.

पायपेटी
आले. सासूबाईंना नमस्कार सांगा 😂

रात्रपाळी
आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. बोलणं जवळजवळ बंद. नात्यातलं कुणी रात्री थांबत नसे. मी औषधं देताना मोबाईलवर हळू 'जोहार मायबाप' लावलं होतं, माझ्यासाठीच. आजोबांनी गादीवर बोटांनी ठेका धरला. सम बरोब्बर. मग रोज लावायचे. एकदा दुसरं काहीतरी लावलं तर तोंड फिरवलं त्यांनी. एवढंच. बेल वाजतेय.

मुक्काम_ठाणे
@रात्रपाळी ❤️

भीमाकाठ
'जोहार'वरून एक बोलायचंच आहे. 'कान्होपात्रा' नाटक, मास्तर कृष्णरावांची चाल, बालगंधर्वांचा गळा, हे सगळे निवेदक न चुकता सांगतात. शब्द चोखोबांचे आहेत हे किती जण सांगतात? "तुमच्या महाराचा मी महार" असं म्हणणाऱ्याचं नाव गाळून नुसतं 'भावपूर्ण' म्हणायचं. माझे आजोबा हे पद कधीच लावू द्यायचे नाहीत घरात. मी ऐकतो. पण त्यांचं का, तेही मला कळतं.

सरगम_क्लासवाली
@भीमाकाठ बरं झालं लिहिलंत. उद्या क्लासमध्ये आधी चोखोबांवर बोलेन, मग पद.

न्यूजर्सीचा_नाना
इथे बर्फ उपसताना कानात 'परवरदिगार'. फावडं तालात चालतं, एवढाच अनुभव.

दोन_मुलांची_आई
मला 'मानापमान'ची पदं नीट ऐकवतच नाहीत आता. १९११ साली पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि हे तोंडाला रंग लावून उभे राहिले. 'नयने लाजवीत' किती लाडिक, किती हसरं पद. आई झाल्यापासून तेच नको वाटतं. नवरा म्हणतो केवढी निष्ठा. मला वाटतं, त्या दिवशी घरी त्यांच्या बायकोजवळ कोण होतं? सिनेमा, नाटक, लेख, सगळे भामिनीजवळच, म्हणजे त्यांच्या त्या भूमिकेजवळच थांबतात.

जुनाट_रेडिओ
@दोन_मुलांची_आई याला उत्तर नाही माझ्याकडे.

खमंग
गंभीर झालं सगळं. बालगंधर्व रंगमंदिरातला मध्यंतराचा बटाटेवडा कुणाकुणाला आठवतो?

पायपेटी
वडा!! मी पहिली रांग सोडून पळायचे. बाय द वे, त्या वास्तूचं भूमिपूजन बालगंधर्वांच्याच हस्ते झालं, पण १९६८ साली ती उघडली तेव्हा ते नव्हते. आदल्या वर्षी गेले.

इंदूरी_शेव
वड्यावर बोलण्याआधी सराफ्यात येऊन जा. भुट्ट्याचा कीस खिलवतो.

कोथरूडची_सून
सासूबाई विचारतायत कीस म्हणजे मक्याचाच ना, आणि त्यात दूध घालतात का?

इंदूरी_शेव
घालतात म्हणजे! ताईंना म्हणा, कृती व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.