चेहऱ्यावर वांग आलेत, मेडिकलच्या ट्यूबने अजून वाढले – सल्ला हवा

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. वय ३६, यावल तालुक्यातलं खेडं, घरची केळी आणि थोडा कापूस. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग आले. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर जातील. पहिल्या खेपेला गेलेही होते. या वेळी पोरगा चार वर्षांचा झाला तरी डाग तिथेच आहेत.

दिवाळीआधी नात्यातल्या एकीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलमध्ये चिठ्ठी न दाखवता मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की घरचे बघत राहिले. बंद केली आणि महिन्याच्या आत डाग परत, पहिल्यापेक्षा गडद. मग पुन्हा लावली. सहा महिने हेच चाललंय. आता दोन दिवस नाही लावली तर गाल लाल होतात, चुलीपुढे बसलं की आग आग होते, हनुवटीवर बारीक पुळ्या येतात आणि गालांवर लव वाढली आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली. गेल्या वर्षी माहेरी झोक्यावर बसले होते, तेव्हा गल्लीतली एक आजी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुना तोंडले काय व्हयनं व माय?" तिच्या मनात वाईट नव्हतं. पण मी उतरले ती पुन्हा झोक्यावर चढले नाही.

हे पोटातल्या उष्णतेने होतं का? लेसर करून घ्यावं का? जळगावला कुठे दाखवू? आणि घरगुती काही असेल तर तेही सांगा.

सातपुडा_पायथा

ताई, जायफळ दुधात उगाळून रात्री लावा. आमच्या आईने तेच केलं होतं. लिंबू आणि मधही चालतं.

तापीकाठची

सातपुडा ताई, तुमच्या आईला गुण आला असेल, पण या ताईंच्या गालाची आत्ता सालं निघाल्यासारखी अवस्था आहे. त्यावर जायफळ झोंबेल. आणि जी गोष्ट झोंबते ती आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर नवा डाग सोडून जाते. लिंबू तर मुळीच नको. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते. मी हे माझ्याच कपाळावर करून घेतलं होतं.

केळीबाग ताई, मला नऊ वर्षांपासून वांग आहेत. डॉक्टरांकडून आणि अनुभवातून जे कळलं ते सांगते. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. वांगाच्या जागी त्या संख्येने फार वाढलेल्या नसतात, पण जास्त जाग्या असतात, थोड्याशा कारणानेही रंग ओतायला लागतात. कारणं मुख्यतः तीन: ऊन, बाईच्या अंगातले हार्मोन आणि घराण्यातून आलेली प्रवृत्ती. माझ्या आईला होते, मावशीला होते. पोटाच्या उष्णतेशी किंवा लिव्हरशी याचा संबंध नाही. त्या समजुतीपायी मी दोन वर्षं नुसते काढे पीत बसले आणि भर उन्हात उघड्या तोंडाने फिरत राहिले.

आता आपल्याकडचं बोलते, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हे येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पण नुसतं ऊनच नाही, उष्णताही वांग भडकवते. खापरावर मांडे करायला बसलो की तास-दोन तास तोंड जाळापुढे असतं. दारं लावून घरात बसलात तरी ती आच चेहऱ्याला लागतेच. माझे डाग दरवर्षी बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडयांच्या दिवसांत गडद व्हायचे. पहाटे घाट शिजवायचा, मग गच्चीवर उन्हात बिबडे थापायचे, दिवसभर उलटायला वर-खाली. तीन वर्षांपूर्वी मी जावेला सरळ सांगितलं, आतलं सगळं काम माझं, गच्ची तुझी. तिने ऐकलं. त्या एका वाटणीने जो फरक पडला तो कुठल्याही डबीने पडला नव्हता.

तिसरी गोष्ट उजेड. ऊन नसलेला, नुसता दिसणारा उजेडसुद्धा आपल्या रंगाच्या कातडीवर वांग गडद करतो. साधं पांढरं सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही. त्यासाठी रंगीत सनस्क्रीन लागतं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, म्हणजे गेरूतला लाल-पिवळा रंग असतो ना, त्याच जातीचं. डब्यावर एसपीएफ ३० किंवा ५० बघा, सोबत पीए आणि पुढे अधिकची चिन्हं बघा, आणि घटकांत आयर्न ऑक्साइड आहे का ते वाचा.

लावायचं किती, इथे सगळ्या चुकतात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढ्याने काही होत नाही. शेतात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. आणि स्कार्फ. स्कूटीवरच्या मुली बांधतात तो झिरझिरीत ओढणीसारखा नको, उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसतं तो कामाचा नाही. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती घ्या.

पण हे सगळं नंतर. आधी त्या ट्यूबचं बघा. तुम्ही सांगताय ती लाली, लव आणि पुळ्या वांगाच्या नाहीत.

औषधवाला_भुसावळ

मी मेडिकल चालवतो. ताई, ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं आहेत का बघा: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन.

केळीबाग_यावल

हो भाऊ, हीच तीन.

औषधवाला_भुसावळ

मग ऐका. मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे आणि चेहऱ्याच्या कातडीच्या मानाने तगडं आहे. असं तिहेरी मिश्रण १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलं, त्यातलं स्टिरॉइड वेगळं होतं. औषध म्हणून ते खोटं नाही. डॉक्टर आजही देतात, पण ठरावीक आठवडे आणि स्वतः चेहरा बघत बघत. आपल्याकडे ते गोरं करणारी क्रीम म्हणून घरोघरी पोचलं. स्टिरॉइडने लाली दबते, चेहरा लगेच उजळ दिसतो, म्हणून एकीचं बघून दुसरी घेते. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव येते, पुरळ येतं आणि थांबवलं की आग होते. त्वचेच्या डॉक्टरांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा, इतक्या बायका-मुली त्यांच्याकडे असे चेहरे घेऊन येतात.

२०१८ मध्ये सरकारने असली कितीतरी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. तरी दिली जातात. पूर्वी मीही दिली आहेत. गिऱ्हाईक ओळखीचं, नाव घेऊनच मागतं, आणि नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातं. गल्लीतली एक कॉलेजची मुलगी तोंड बांधून आली आणि स्कार्फ सोडून तिने गाल दाखवले, त्या दिवसापासून मी बंद केलं. ती ट्यूब माझ्याच दुकानातली होती.

आठवडी बाजारात किंवा फोनवरून मागवलेल्या, पत्ता-घटक न छापलेल्या डब्याही घेऊ नका. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि पाऱ्याने किडनी जाते.

त्वचा_ओपीडी

मी त्वचारोगाचा डॉक्टर. चेहरा न बघता निदान करणार नाही, औषधाचं प्रमाणही इथे लिहिणार नाही. काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

ट्यूब थांबवल्यावर पहिले काही आठवडे चेहरा आणखी लाल होईल, जळजळेल. त्या वेळी बायका घाबरून पुन्हा तीच लावतात आणि फेरा सुरू राहतो. त्यामुळे एकटीने सोसत बसू नका. सहा महिने वापर झाला आहे, तेव्हा लगेच दाखवा. ती एकदम बंद करायची की हळूहळू, आणि मधल्या काळात लालीवर काय लावायचं, हे डॉक्टर ठरवतील. तोवर सौम्य साबण, साधं मॉइश्चरायझर आणि सावली. बाकी काहीही नको.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी असेल तर साखर आणि वजन तपासावं लागतं. केसांच्या काळ्या डायने किंवा काळ्या मेंदीने कपाळ-कानशिलं राखाडी-निळसर होतात, तिथे डाय थांबवणं हाच पहिला इलाज. कुंकवाची किंवा वासाच्या क्रीमची अ‍ॅलर्जीही काळपटपणा सोडून जाते. चिकनगुनियानंतर नाक काळं पडलेले रुग्ण तर आम्ही बरेच बघतो, ते बहुधा काही महिन्यांत आपोआप फिकं होतं.

खरं वांग असेल तर अझेलिक अ‍ॅसिड, कोजिक अ‍ॅसिड, नियासिनामाइड अशी स्टिरॉइड नसलेली औषधं आहेत. अझेलिक अ‍ॅसिड गरोदरपणातही डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतं, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मात्र तेव्हा नाही. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर कातडी निळसर-काळी होऊ शकते आणि तो रंग काढणं फार अवघड. हल्ली ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची चर्चा ऐकली असेल. मूळचं ते जास्त रक्तस्रावाचं औषध. वांगावर गुण येतो, पण घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल किंवा तुम्ही पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. या हार्मोनच्या गोळ्या वांगही वाढवू शकतात. तांबी हा त्यावर एक पर्याय आहे, पण गोळी मनाने बंद करू नका.

लेसर पहिल्यांदा नाही. तापलेल्या, स्टिरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर तर नाहीच. आपल्या रंगावर लेसरनंतर डाग उलटून गडद होण्याचा धोका असतो. औषधाला गुण दिसायला आठ ते बारा आठवडे द्या. आठ दिवसांत डाग घालवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचेची ओपीडी आहे. जाताना वापरलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी झाली असली तरी, सोबत न्या.

कापूसवाला_चोपडा

पुरुषांनाही होतं का? माझ्या गालाच्या हाडांवर आणि कपाळावर आहे. फवारणी आणि वेचणीला दिवसभर शेतात असतो. टोपी घालतो तरी.

तापीकाठची

होतं दादा. टोपीची सावली गालापर्यंत येत नाही. मोठ्या काठाची टोपी किंवा रुमाल तोंडावरून घ्या, आणि सनस्क्रीन लावायला लाजू नका. माझे मिस्टर आता माझंच लावतात.

केळीबाग_यावल

पाच आठवड्यांनी लिहितेय. धाग्यावर बोलले त्याच आठवड्यात जळगावला सरकारीत दाखवलं. डॉक्टर बाईंनी अंधाऱ्या खोलीत निळसर दिवा चेहऱ्यावर धरून बघितलं. काही रंग वर आहे, काही खोल आहे, म्हणाल्या. वरचा आधी फिका होईल, खोलचा वेळ घेईल. थायरॉइडची तपासणी केली, ठीक निघाली. ट्यूब बंद, लालीवर दुसरं मलम दिलं, वांगाचं औषध आग थांबल्यावर.

पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले. रात्री ओला फडका गालावर ठेवून झोपायचे. दोनदा ट्यूब हातात घेतली होती. औषधवाले भाऊ, तुमची ती कॉलेजची मुलगी आठवली आणि ठेवून दिली. आखाजीला लाल तोंडानेच गेले. तीच आजी भेटली. मी स्वतःच सांगितलं की आजी, क्रीमने जळालंय, दवाखाना चालू आहे. तर तिने नातीला हाक मारली आणि तिच्या खोलीतून तशीच एक ट्यूब आणून माझ्या हातात दिली, हीच का म्हणून. तीच होती. नातीला जूनमध्ये घेऊन येते म्हणाली आहे.

आता आग जवळजवळ गेली. परवापासून अझेलिक अ‍ॅसिड सुरू झालं, एक दिवसाआड. डाग आहेत तसेच आहेत. बिबडे या वर्षी नणंदेकडून विकत घेतले.

एक अडचण आहे. रंगीत सनस्क्रीन आणलं, पण माझ्या रंगावर ते पिठूळ-गुलाबी दिसतं. लावून शेतात जायला संकोच वाटतो.

तापीकाठची

ताई, ते फिक्या रंगाचं आलंय. दुकानात गडद छटा मागा. जबड्याच्या कडेला बोटभर लावून दुकानाबाहेर उजेडात बघा, दिसेनासं झालं की तुमचं. तोवर आहे तेच लावा, दहा मिनिटं मुरू द्या आणि वरून स्कार्फ बांधा.